सव्वा व्होल्टाचा संसार

कानाचं मशीन घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न "ऐकू येईल ना?" हा असायला हवा. तो नसतो. पहिला प्रश्न असतो, "दिसणार तर नाही ना?" आणि गंमत अशी की बहुतेक वेळा हा प्रश्न ज्याच्या कानात मशीन घालायचं तो विचारतच नाही. सोबत आलेला मुलगा विचारतो, नाहीतर लेक विचारते. माझं स्पष्ट मत असं आहे की या एका प्रश्नापायी, इंजिनिअर लोकांनी सत्तर वर्षं घाम गाळून वाचवलेली वीज आपण लपवाछपवीत उडवून टाकतो. वाक्य जरा विचित्र वाटेल. समजावून सांगते, कारण घरातल्या मंडळींना पुढच्या महिन्यात एक निर्णय घ्यायचा आहे आणि तो फोनवर तीनतीनदा बोलूनही सुटलेला नाही.

निर्णय अक्काच्या मशीनचा. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, वय ८३, मुक्काम दापोलीजवळ. सहा वर्षांपूर्वी मुलांनी हौसेने तिला कानाच्या अगदी आत बसणारी जोडी घेतली. शेंगदाण्याएवढी. बाहेरून कुणाला कळणार नाही अशी. आणि खरंच कुणाला कळत नाही, कारण ती जोडी गेली साडेचार वर्षं कपाटात, कुंकवाच्या जुन्या डबीत आहे. मशीन बिघडलेलं नाही. अक्काला त्यातला सेल बदलता येत नाही, एवढंच. आता नवीन घ्यायचं आहे, आणि न्यू जर्सीहून भाच्याचं म्हणणं पुन्हा तेच, "मावशी, आता आणखी लहान आलीत."

तर मंडळी, आधी त्या सेलपासून सुरुवात करू.

कानाच्या मशीनचे सेल चार मापांत मिळतात आणि त्यांच्या पाठीवरच्या चिकटपट्टीचा रंग जगभर सारखा असतो. पिवळी पट्टी म्हणजे १० नंबर, तपकिरी ३१२, केशरी १३ आणि निळी ६७५. पिवळा सेल ५.८ मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. निळा ११.६ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढा. हे जस्त आणि हवेवर चालणारे सेल. पट्टी काढली की तळाच्या बारीक भोकांतून हवा आत जाते, हवेतला प्राणवायू आणि आतलं जस्त यांच्यात रासायनिक व्यवहार सुरू होतो आणि वीज मिळते. (म्हणून पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल घालावा, हे दुकानदार सांगत नाहीत.) एकदा पट्टी काढली की परत लावून उपयोग नाही, वापरा न वापरा, काही आठवड्यांत तो संपतोच. हवेतूनच अर्धा माल घ्यायचा असल्याने डबीत जस्ताला जास्त जागा मिळते आणि एवढ्याशा सेलात बरीच वीज मावते. पूर्वी पाऱ्याचे सेल असत, ते प्रदूषणामुळे मागे पडले.

आता मुख्य गोष्ट. सेल लहान असो वा मोठा, तो देतो साधारण १.४ व्होल्ट. काम सुरू झालं की १.३, १.२५. म्हणजे सव्वा व्होल्ट. घरातला जुना रेडिओ आठवा, त्यात दीड व्होल्टाचे चार-चार, सहा-सहा सेल एकामागे एक लागायचे. इथे एकच सेल, आणि त्याच्यावर पूर्ण संसार.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. विजेचं मला काय कळतं, असं कुणाच्या मनात येईल. पण नऊ वर्षं मशीन माझ्या स्वतःच्या कानावर आहे, आणि माझा एक जुना विद्यार्थी बंगळूरला चिप डिझाइनच्या कामात आहे. त्याला मी फोनवर इतकं पिडलं की शेवटी तो म्हणाला, "बाई, आता परीक्षा कोण कोणाची घेतंय?" त्याने सांगितलेलं मी माझ्या भाषेत लिहिते आहे. त्याने वाचून पाहिलंय.

मशीनचं काम तीन घरांचं. मायक्रोफोन आवाजाची अगदी क्षीण वीज करतो. मधला अॅम्प्लिफायर ती शंभर पट, गरज असेल तर हजार पट वाढवतो. आणि शेवटी चिमुकला स्पीकर (मशीनवाले त्याला रिसीव्हर म्हणतात) तिचा परत आवाज करून कानात सोडतो. यातलं मधलं घर ट्रान्झिस्टरचं. आणि सिलिकॉनच्या साध्या ट्रान्झिस्टरला नुसतं जागं व्हायलाच ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. दहीहंडीचे थर डोळ्यांसमोर आणा. नऊ व्होल्टाच्या रेडिओत ट्रान्झिस्टर एकाच्या खांद्यावर एक असे थर लावून उभे राहू शकतात, आणि सर्किट करणाऱ्यांच्या बऱ्याच युक्त्या या थरांवरच उभ्या असतात. सव्वा व्होल्टात छप्पर इतकं बुटकं की एक थर आणि वर जेमतेम एखादं रांगतं पोर. दुसरा गडी उभा केला की डोकं आढ्याला. आणि सेल संपत आला की ते आढंही खाली येतं, १.१ व्होल्टापर्यंत, तरीही मशीन चाललं पाहिजे. म्हणून मग सगळी मांडणी उंचीऐवजी पसरट करायची, जे काम वर चढवून झालं असतं ते शेजारी शेजारी बसवून घ्यायचं. उंची वाचते, पण प्रत्येक नव्या शेजाऱ्याला स्वतंत्र शिधा द्यावा लागतो, म्हणजे विजेचा प्रवाह जास्त लागतो. एकीकडे काटकसर केली की दुसरीकडे खर्च वाढतो, हे कुठल्या गृहिणीला सांगायला हवं?

आणि शिधा तर मोजून मिळालेला. केशरी सेलात साधारण ३०० मिलिअँपिअर-तास इतकी पुंजी असते. मशीनने सतत १ मिलिअँपिअर खाल्लं तर ३०० तास, दिवसाला चौदा तास धरले तर एकवीस दिवस. माझं मशीन थोडं जास्त खातं, मला दोन आठवडे मिळतात. १ मिलिअँपिअर म्हणजे किती कमी, तर टीव्ही बंद असताना खाली जो लाल ठिपका जळत राहतो ना, त्या ठिपक्यालाच याच्या काही पट वीज लागते. तेवढ्यात आवाज शंभर-हजार पट करायचा.

मग हा एक मिलिअँपिअर वाटायचा कसा? मला त्याचं एक उत्तर फार आवडलं. पहिल्या पायरीवर कंजुषी करायची नाही. प्रत्येक सर्किटमध्ये विजेच्या कणांची आपली एक हुळहुळ असते, पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा बारीक सूं आवाज. पहिल्या पायरीवरचा हा सूंकार पुढच्या सगळ्या पायऱ्या इमानेइतबारे वाढवत नेतात. आणि पहिल्या पायरीला प्रवाह कमी दिला की हा सूंकार वाढतो. म्हणजे इयत्ता पहिलीत कच्ची राहिलेली बाराखडी दहावीपर्यंत छळते तसंच. मधल्या पायऱ्यांना मात्र पोटाला चिमटा चालतो.

शेवटच्या पायरीची कथा वेगळी. तिथे स्पीकर हलवायचा म्हणजे अंगमेहनत. जुन्या पद्धतीत ही पायरी आवाज असो नसो, सारखा प्रवाह घेत बसायची. रात्री दोन वाजता सगळं घर शांत असतानाही पगार चालूच. मग अशी रचना आली की आवाज असेल तेव्हाच प्रवाह ओढायचा. त्याच्याही पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस जी पद्धत मशीनमध्ये रुळली तिला वर्ग डी म्हणतात. ती समजायला आपला पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवा. तो भला थोरला डबा, पंखा हळू केला की तापायचा, कारण वाचलेली वीज वाचत नव्हतीच, डब्यात जळत होती. अर्धवट उघडलेला ट्रान्झिस्टर असाच तापतो. वर्ग डीमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला लाखभर वेळा उघडझाप, आणि उघडा किती वेळ नि बंद किती वेळ या प्रमाणातून आवाजाचा आकार तयार होतो. अर्धवट काही नाही, म्हणून नासाडी फार कमी.

तरी व्होल्ट सव्वाच. त्यावर उपाय म्हणजे दोन माणसांची करवत. स्पीकरचं एक टोक ढकलायचं त्याच क्षणी दुसरं ओढायचं. मग स्पीकरला मिळणारा झोका दुप्पट होतो आणि ताकद, हिशेबाने, चौपट. ही ताकद अर्थात सेलातूनच येते, आकाशातून नाही. म्हणून ज्यांना फार कमी ऐकू येतं त्यांच्या मशीनला निळा सेल लागतो, त्याला पर्याय नाही. पिवळ्या सेलात १०० मिलिअँपिअर-तासांच्या आतबाहेर पुंजी, निळ्यात ६०० च्या वर.

एक गोष्ट मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाने अनुभवली असेल. सेल संपायच्या आधी कधीकधी मशीन भटभट करतं, होडीचं इंजिन असल्यासारखं. मी ते सर्दीवर ढकलून द्यायचे. कारण असं की जुना होत चाललेला सेल आतून दमलेला असतो. मोठा आवाज आला, शेवटच्या पायरीने प्रवाह ओढला, की त्याचे व्होल्ट बसतात (पंप सुरू झाल्यावर घरातले दिवे मिणमिणतात तसे), तो धक्का त्याच सेलावर जगणाऱ्या पहिल्या पायरीला बसतो, ती तोच धक्का आवाज समजून वाढवते, परत शेवटची पायरी ओढते... आणि चक्र सुरू. एकत्र कुटुंबात एकाच्या खोकल्याने सगळे जागे होतात तसं. हे होऊ नये म्हणून सर्किटमध्ये पहिल्या पायरीला स्वतंत्र, स्थिर असा छोटा पुरवठा करून द्यावा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा त्या सव्वा व्होल्टातलेच काही शतांश मोडावे लागतात.

आता माझा जुना विद्यार्थी ज्या भागावर खरा खुलला तो सांगते. एरिक व्हितोझ नावाचे एक स्विस शास्त्रज्ञ. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांसाठी सर्किट करताना त्यांना असं हवं होतं की एक बारीक सेल वर्षानुवर्षं टिकावा. मॉस जातीच्या ट्रान्झिस्टरला उघडायला एक ठरावीक दाब लागतो. त्याखाली तो बंद असं सगळे धरून चालत. पण पुरता बंद नसतो, थोडी गळती होते. बाकीचे तिला दोष समजत होते. व्हितोझ आणि त्यांचे सहकारी फेलराथ यांनी १९७७ साली दाखवून दिलं की ही गळती बेशिस्त नाही, ती नियमाने वागते, आणि तिच्यावरच अॅम्प्लिफायर चालवता येतो. चाळीत राहिलेल्या बायकांना हे लगेच समजेल. पाणी गेलं तरी नळाखाली बादली ठेवायची, रात्रभर टपटप करून सकाळी भरते. काम संथ होतं, पण आवाज तरी कुठे घाईत असतो? बोलणं समजायला सेकंदाला सात-आठ हजार कंपनांपर्यंत पोचलं की झालं. मोबाइलच्या लहरी अब्जांत मोजतात, त्याला ही टपटप पुरणार नाही. कानाला पुरते. याच गळतीवर १९८८ साली अमेरिकेत रिचर्ड लायन आणि कार्व्हर मीड यांनी कानातल्या शंखासारखं काम करणारी एक सिलिकॉनची चकती करून दाखवली होती.

या सगळ्याची सुरुवात कुठून झाली तेही सांगते, मी इतिहासाची बाई आहे, राहवत नाही. ट्रान्झिस्टरच्या आधी मशीनमध्ये काचेच्या नळ्या असायच्या, व्हॉल्व्ह. त्यांच्या तारा तापवायला एक सेल आणि वर वीस-बावीस व्होल्टांची आणखी एक बॅटरी. छातीवर डबा, कमरेला बॅटरी, कानाला वायर. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. त्याचा उपयोग सामान्य माणसाच्या हातात सर्वांत आधी कोणत्या वस्तूतून आला? रेडिओतून नाही. कानाच्या मशीनमधून. १९५२ च्या डिसेंबरअखेर सोनोटोन १०१० नावाचं मशीन आलं, त्यात दोन व्हॉल्व्ह आणि एक ट्रान्झिस्टर, किंमत २२९ डॉलर ५० सेंट. पुढच्याच वर्षी पूर्ण ट्रान्झिस्टरची मशीनं आली. बेल कंपनीने कानाच्या मशीनसाठी ट्रान्झिस्टर वापरणाऱ्यांकडून हक्काचे पैसे घेतले नाहीत, कारण अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे मुळात बहिऱ्यांचे शिक्षक. त्यांची आईही बहिरी आणि पत्नीही. पुढे एका चकतीवर पूर्ण सर्किट बसवण्यासाठी ज्यांना २००० साली नोबेल मिळालं ते जॅक किल्बी १९५० च्या दशकात मिल्वॉकीला एका कंपनीत कानाच्या मशीनचे ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरच करत होते. आणि त्या चकतीचा बाजारातला पहिला घरगुती वापर, १९६४ साली, तोही कानाच्याच मशीनमध्ये झाला. १९९६ पासून पूर्ण डिजिटल मशीनं आली.

म्हणजे आज ज्या इलेक्ट्रॉनिक्सवर सगळं जग चाललंय त्याचं पहिलं गिऱ्हाईक बहिरा माणूस होता. महाग, नवखा, भरवशाचा नसलेला ट्रान्झिस्टर त्याने विकत घेतला, कारण त्याला कमरेची बॅटरी नको झाली होती. मला वाटतं याची आठवण कुणी ठेवत नाही.

इथवर सगळं कौतुक. आता भांडण.

अशा रीतीने मिलिअँपिअर मिलिअँपिअर करून वीज वाचवली. ती वाचलेली वीज दोन ठिकाणी वापरता आली असती. एक, तेवढ्याच मोठ्या मशीनमध्ये सेल दुप्पट-तिप्पट दिवस चालवायचा, बोटांना सापडेल असं झाकण द्यायचं, बटण द्यायचं. दोन, सेलच लहान करून मशीन कानाच्या बोगद्यात लपवायचं. बाजाराने दुसरं निवडलं, कारण आपण दुसरं मागितलं. "दिसणार तर नाही ना?"

हिशेब पाहा. पिवळ्या सेलाची पुंजी ९० धरली आणि मशीन १ मिलिअँपिअर खात असलं, तर नव्वद तास, म्हणजे सहा दिवस. दोन कानांचे महिन्याला दहा सेल. दहा वेळा त्र्याऐंशी वर्षांच्या बाईने तुरीच्या दाण्याएवढा सेल नखाने उचलायचा, पट्टी काढायची, बाजू ओळखायची आणि शेंगदाण्याच्या पोटात बसवायचा. तेही तिच्या एका डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि बोटांना संधिवात. अक्काच्या हातून सेल खाली पडला की ती चटईवर हात फिरवत शोधत बसायची, पुढे पुढे तिने शोधणं सोडून दिलं. लपलेलं मशीन ऐकण्यातही डावं असतं. मायक्रोफोन आणि स्पीकर इतके जवळ की कानातला आवाज जरा बाहेर झिरपला की परत मायक्रोफोनात शिरतो आणि शिट्टी वाजते. नातवाला जवळ घेतलं की शिट्टी. मळाने भोक बुजतं. कानमागच्या मशीनला शिट्टीचा त्रास होतच नाही असं नाही, पण कमी.

आणि हे लपवायचं तरी का? चष्मा लावलेल्या मुलाला आपण हुशार म्हणतो, फ्रेम आवडीने निवडतो. आंधळ्या माणसाची दया येते. बहिऱ्याचं मात्र हसू येतं, आपल्या नाटकांतून, विनोदांतून बहिरा आजोबा म्हणजे हमखास हशा. मला माझं ऐकणं कमी झालं ते वर्गात नव्हे, निवृत्तीनंतर कळलं. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. स्वर जाड, ठसठशीत असतात, आणि स, श, फ, ख, त ही उंच पट्टीतली बारीक मंडळी. घर, सर, खर, कर, सगळं मला नुसतं "अर" ऐकू यायचं. साताचे आठ व्हायचे. मराठीच्या बाईला ही काय शिक्षा! लोकांना वाटतं बहिऱ्याला आवाज कमी येतो, म्हणून ओरडतात. आवाज येतो हो, शब्द येत नाही. ओरडल्याने फक्त "अर" मोठा होतो. चांगलं मशीन ही बारीक व्यंजनं तेवढी उचलतं आणि मोठ्या आवाजाला हात लावत नाही. तेच त्याचं खरं मोल.

माझ्या विद्यार्थ्याला मात्र हे भांडण मान्य नाही. तो म्हणाला, "बाई, लोकांनी लहान मशीन मागितलं नसतं तर एवढी काटकसर कुणी शिकलीच नसती. गरज नसताना कोणती कंपनी एका मायक्रोअँपिअरसाठी दोन वर्षं घालवेल?" हे बरोबर आहे. लपवण्याच्या हट्टातूनच हे कसब वाढलं. शिवाय खिशात ठेवायच्या डब्याचं फार कौतुक करू नका असंही तो म्हणाला, कारण त्याचा मायक्रोफोन छातीवर, कापड घासलं की खरखर, आणि आवाज कुठल्या बाजूने आला ते कळत नाही. तेही मान्य. डब्याची बाजू मी घेतच नाही. (तरी ज्यांना परवडत नाही आणि बोटं चालत नाहीत त्यांच्यासाठी पेन्सिल सेलवर चालणारा डबा अजूनही देवासारखा आहे. कानपूरच्या सरकारी अॅलिम्को कंपनीने असे किती जणांना दिले आहेत.) माझी बाजू कानामागच्या, केशरी किंवा निळ्या सेलच्या, अंमळ जाड मशीनची. कसब आता शिकून झालंय ना? मग ते अक्काच्या बोटांसाठी वापरा.

भाच्याचं दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे, ते टाळणार नाही. तो म्हणतो चार्जिंगचं घे. रात्री डबीत ठेवायचं, सकाळी कानाला लावायचं, सेल बदलायची भानगडच नाही. अक्काच्या बोटांसाठी हे खरोखर सोयीचं आहे. यात लिथियमचा सेल असतो, ३.७ व्होल्टाचा, ते व्होल्ट उतरवून आत वापरतात. मशीन फोनशी बोलू लागली, ब्लूटूथ आलं, तेव्हा झटक्यासरशी जास्त प्रवाह लागू लागला आणि बिचाऱ्या जस्त-हवेच्या सेलाची दमछाक झाली. चार्जिंगवाली मशीनं वाढण्याचं तेही एक कारण. पण अक्काला फोनवरची गाणी थेट कानात नकोत. तिला सुनेचं बोलणं ऐकायचंय आणि गणपतीतली आरती. आणि लिथियमचा सेल चार-पाच वर्षांत थकतो. बऱ्याच मशीनमध्ये तो घरी बदलता येत नाही, कंपनीकडे पाठवावं लागतं. दापोलीहून.

शिवाय वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत किती गावांत कितीक दिवस दिवे नव्हते ते आपल्यापैकी सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे तर फोनही मेले होते. शेजारच्या आजोबांचं कानमागचं मशीन मात्र चालू होतं, सहा सेलचं एक पान त्यांच्या ट्रंकेत पडलेलं होतं. पट्टी न काढलेला सेल तीनेक वर्षं टिकतो. कोकणातल्या पावसाळ्यात मला हे मोठं वाटतं. ज्याचे हात फारच थरथरतात त्याने चार्जिंगचंच घ्यावं, याला माझी ना नाही. अक्काचे हात थरथरत नाहीत, बोटं आखडलेली आहेत. परवा मी माझा केशरी सेल तिच्या हातात दिला. पहिल्या खेपेला पडला, दुसऱ्या खेपेला तिने बसवला. निळा तर चटकन बसवेल.

पैशांचं म्हणाल तर लपलेल्या मशीनपेक्षा हे स्वस्तात बसतं, उरलेले पैसे ऑडिओलॉजिस्टकडच्या फेऱ्यांवर घाला. मशीन आणलं नि झालं असं नसतं, पहिल्या दोन-तीन महिन्यांत चारदा तरी जाऊन जुळवून घ्यावं लागतं, आणि कानाच्या मापाचा मोल्ड नीट झाला नाही तर सगळंच फुकट. बंद खोलीतल्या शांततेत तपासून हो म्हणू नका. दुकानाच्या दारात, रिक्षांच्या आवाजात, दोघांना एकदम बोलायला सांगून बघा. आवाज कमीजास्त करायचं चाक किंवा बटण अंगठ्याला कळलं पाहिजे. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, सेलचं झाकण उघडं ठेवून, आणि सेल बाजूला, डबीत नाही.

रंगाचं मी अक्कालाच विचारलं. कातडीच्या रंगाचं, राखाडी, काळं असे तीन दाखवले होते पुस्तकात. ती म्हणाली, "मेलं दिसणारच आहे तर काळं घे, केसांत पांढरं नाहीतरी हरवेल, मला सापडायला हवं."

मोल्डचं माप द्यायला दापोलीहून तिला घेऊन यायचंय, येत्या शनिवारी. गाडी आहे, सोबत कुणीतरी हवं. भाचेमंडळींपैकी कोण येतंय ते गुरुवारपर्यंत कळवा, आणि फोन केलात तर सावकाश बोला, ओरडू नका.